अलाइनमेंट करूनही स्टेअरिंग वाकडं: आमचं उत्तर

नमस्कार सर. अलाइनमेंटला चार दिवस झाले नाहीत तोच स्टेअरिंग वाकडं, गाडी डावीकडे ओढते आणि घरी गाडीच्या बाजूने दोरी ताणून मोजलं तर डावं चाक ६ मिलिमीटर आत, असं तुम्ही लिहिलंत. "पैसे घेऊन नुसती प्रिंट हातात दिली" हे वाचून मनाला लागलं.

स्टेअरिंगची चूक आमचीच. मेकॅनिकला विचारलं, तर त्याने स्टेअरिंग सरळ करून, ते हलू नये म्हणून लॉक न लावताच टो (चाकं समोरून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप) जुळवला होता. अशा वेळी प्रिंटवर सगळे आकडे हिरवे येतात आणि स्टेअरिंग मात्र वाकडं राहतं. टेस्ट राइड घेतली असती तर पहिल्याच वळणानंतर कळलं असतं. तीही घेतली नाही. माफ करा.

त्या ६ मिलिमीटरवर मात्र अजून विसंबू नका. तुमच्या फोटोत दोरी मागच्या टायरला टेकलेली आहे. बऱ्याच गाड्यांत पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं, त्यामुळे दोरी तिरकी लागते. शेजारी जॅकही दिसतोय. जॅकवरून उतरवलेली गाडी थोडी मागेपुढे ढकलल्याशिवाय चाकं मोकळी बसत नाहीत.

घरी मोजायचंच तर हवा सारखी भरा, सपाट जागा बघा, स्टेअरिंग सरळ ठेवा. पुढच्या दोन्ही टायरांवर समोरच्या बाजूला, मोजायची फीत अडणार नाही अशा सारख्या उंचीवर खडूने खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर घ्या. मग गाडी पुढे ढकला. त्याच खुणा मागे त्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे एकूण टो. खुणा त्याच असल्याने रिम थोडी वाकडी असली तरी माप चुकत नाही. फीत धरायला घरातलं कुणीतरी सोबत घ्या.

ओढण्याचं कारण सहसा टो नसतो. टो बिघडला की टायर खातो. पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघितले आणि ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचा. नाही बदलली तर डावा ब्रेक चिकटतोय का ते बघावं लागेल. हे सगळं आम्ही करून देऊ.

सर, कधीही या, पैसे लागणार नाहीत. मी स्वतः लॉक लावून काम करून घेईन, टेस्ट राइडला गाडी तुम्ही चालवा. घरी टाय रॉड (स्टेअरिंगपासून चाकाला जोडणारी, टो जुळवायची सळई) फिरवला असेल तर त्याला जागेवर धरणारा लॉक नट घट्ट आहे का ते आधी बघा. खात्री नसेल तर फोन करा, आमचा माणूस घरी येईल. तोवर गाडी हायवेला नेऊ नका.