पाण्याच्या पिशवीच्या भरवशावर बाईला मारायचं?

परभणी जिल्ह्यात दिलेल्या माझ्या पुतणीला सातवा महिना चालू आहे. सासरच्या ग्रुपवर आलेला मेसेज मला पाठवून तिनं विचारलं, "काकू, हे खरंय का?" मेसेजचं म्हणणं असं: बाळ पाण्याच्या पिशवीत असतं, म्हणून नवऱ्यानं रागात हात उचलला तरी त्याला काही होत नाही, बाळाचं वजन आईच्या खाण्यावर ठरतं, आणि बाईनं तक्रार केली की बाळाचा बाप तुरुंगात जातो. पोटुशी बाईला हे कुणी वाचायला देतं तरी कसं?

पाण्याची पिशवी चालता-फिरता बसणारे बारीक धक्के झेलते, एवढं खरं. लाथ-बुक्की ती झेलत नाही. गर्भाशयाची भिंत लवचिक असते, पण तिला चिकटलेली वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) तशी नसते. पोटावर जोरात मार बसला तर वार भिंतीपासून सुटू शकते. बाळाला रक्त आणि प्राणवायू मिळतो तो वारेतून. ती सुटली तर बाळ पोटातच दगावू शकतं, आईच्याही जिवावर बेततं. रक्त दरवेळी बाहेर दिसतंच असं नाही, आत साठूनही राहतं. म्हणून पोटाला मार लागला की काही जाणवत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचं. पोट कडक झालं, दुखायला लागलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाचं फिरणं कमी झालं, तर लगेच 108 ला फोन. आणि तिथं "न्हाणीत पाय घसरला" असं सांगायचं नाही. मार कुठं बसला हे कळलं तरच डॉक्टर नीट तपासतील.

आता वजनाचं. अंगात रक्त कमी असलेल्या बायका आपल्याकडं घरोघर आहेत, दिवस भरत आलेले असताना उसाच्या मोळ्या उचलणाऱ्याही आहेत. त्याचा बाळाच्या वजनावर परिणाम होतो, हे मान्य. पण धाकात जगणाऱ्या बाईच्या घशाखाली घास उतरतो का? तिला तपासणीला कोण जाऊ देतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या अहवालात, जोडीदाराचा छळ सोसलेल्या बायकांमध्ये वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता 41 टक्क्यांनी जास्त आढळली. महिने न भरता आलेलं बाळ बऱ्याचदा अडीच किलोच्या आतच भरतं. म्हणजे बाळाला त्रास व्हायला मार पोटावरच बसला पाहिजे असंही नाही.

तुरुंगाची भीती तर निव्वळ गप्प बसवण्यासाठी आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाई न्यायालयाकडं संरक्षणाचा आदेश मागते. नवऱ्यानं तो मोडला तर गुन्हा होतो. त्याच घरात राहायचा तिचा हक्कही या कायद्यात आहे. अर्जाला मदत करणं हे या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचं कामच आहे, आणि महिलांसाठीची 181 हेल्पलाइन रात्री-अपरात्रीही चालू असते.