डिश किरणं फेकत नाही. आणि वीज कडाडताना गच्चीवर जायचं नाही

'जुनी डिश घरावर लावताय? सावधान!' हा मेसेज तुमच्याही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन गेला असेल. आमच्याकडे तो वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आईच्या फोनवर पोहोचला आणि तिने तडक नातवाला डिश खाली उतरवायला लावली. पोराने भंगारवाल्याशी घासाघीस करून ६० सेंटिमीटरची डिश मिळवली होती, स्वतःच्या हाताने सिग्नल पकडायचा म्हणून. आता ती जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून उभी आहे. का, तर किरणं! मेसेजमध्ये सात मुद्दे आहेत, पण सगळ्यांना सारखा वेळ द्यावा अशी त्यांची लायकी नाही.

'डिश चोवीस तास घातक किरणं सोडते, त्यातून कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलंय.'

डिश काहीही सोडत नाही. तो वाकवलेला पत्रा आहे. पागोळ्यांखाली परात धरली तर परातीतून पाऊस पडतो का? वरून जे येतं ते ती गोळा करते आणि समोरच्या दांड्यावरच्या एलएनबीत, म्हणजे लहरी टिपून केबलमधून घरात पाठवणाऱ्या डबीत, टाकते, बस्स. डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट सेवेची, चॅनलं जीसॅट-१५ वरून येतात. हा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तिथून इथवर येईतो लहरी इतक्या पसरलेल्या असतात की एका वॅटचे लाख कोटी भाग केले, तर त्यातले मोजकेच काही ६० सेंटिमीटरच्या डिशवर पडतात. शिवाय तुम्ही डिश लावा नाहीतर लावू नका, त्या लहरी गच्चीवर पडतच असतात. तुळशीवर, वाळत घातलेल्या पापडांवर आणि आईच्या डोक्यावरही. डिश उतरवून नक्की काय थांबलं?

आरोग्य संघटनेच्या नावात मात्र अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. तिच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२ब' गटात टाकलं. या गटाचा अर्थ 'कदाचित कर्करोगकारक, पुरावा मर्यादित'. तो निर्णय मुख्यतः कानाला मोबाइल लावून बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवरून झाला होता. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि पूर्व आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्यासुद्धा आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने तो गट उघडून पाहिला असता, तर पुढचा मेसेज कोरफडीवर आला असता. गंमत म्हणजे तो मेसेज आला मोबाइलवर, आणि वाचणाऱ्याने तो नाकापासून वीतभर अंतरावर धरला होता.

आणि हे सगळं काल-परवाचं नाही. १९७५-७६ मध्ये 'साइट' या उपग्रहावरून शैक्षणिक टीव्ही दाखवण्याच्या प्रयोगात देशातल्या सुमारे २,४०० गावांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, दहा फुटी डिश बसवल्या होत्या. त्यामागे अहमदाबादचं अवकाश उपयोग केंद्र होतं, आपल्याच शेजारचं. संध्याकाळी गावं एकत्र बसून टीव्ही बघायची.

आता ज्या मुद्द्यावर माझं डोकं फिरलं तो. शब्दशः असा: 'डिश वीज ओढून घेते, म्हणून गडगडाट सुरू होताच गच्चीवर जाऊन तिची वायर ताबडतोब उपटून टाका.'

हे कोणी लिहिलं असेल त्याला काय म्हणावं! बाकीचा मेसेज नुसता मूर्खपणा आहे, हे वाक्य जीव घेईल. ढग गडगडायला लागले की ओल्या, उघड्या गच्चीवर, हातात लोखंडी खांब आणि तांब्याची वायर घेऊन उभं राहणं, याहून वाईट जागा शोधायची तर मैदानातल्या एकट्या झाडाखाली जावं लागेल. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे. आसपास वीज पडण्याची शक्यता असली की ते आधी कळवतं. आईच्या फोनमध्ये भजनी मंडळाच्या शेजारी तेही असू द्या. सूचना आली की घरातल्या घरात, सेट-टॉप बॉक्सच्या मागची वायर आणि विजेचा प्लग काढायचा, तोही गडगडाट सुरू होण्याआधी. एकदा सुरू झाला की हात लावायचा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गच्चीचं दार उघडायचं नाही. बॉक्स जळाला तर जळाला.

उंचावरच्या धातूवर वीज पडू शकते हे खरंच आहे. त्यासाठी खांबाला आणि केबलच्या आतल्या धातूच्या जाळीला जाड तांब्याच्या तारेने घराच्या अर्थिंगशी जोडून घ्या, आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. गॅसच्या पाइपला गुंडाळू नका. वीज थेट पडली तर अर्थिंगही बॉक्स वाचवेल असं नाही.

'केबलमध्ये हाय व्होल्टेज असतं.' १३ किंवा १८ व्होल्ट. पुढे चला.

'डिशमुळे कबुतरं मरतात.' आमच्याकडची एलएनबीच्या दांड्यावर बसून वर्षानुवर्षं घाण करताहेत, एकही मेलेलं नाही.

'लायसन्स नसेल तर पोलीस केस.' फ्री डिश प्रसार भारतीची आहे, बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही. घेताना एवढंच विचारा की डिश विकणाऱ्याच्या मालकीची आहे की कुठल्या कंपनीने भाड्याने दिलेली.

'जुनी डिश कधीच चालत नाही.' वाकलेली चालत नाही, एवढंच म्हणा. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते, त्यामुळे काही मिलिमीटरचा पोचाही नडतो. पारख सोपी आहे. दोन दोरे डिशच्या कडेवरून एकमेकांना छेद देतील असे ताणून बांधा. मध्यभागी ते एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. फट दिसली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर दोऱ्यांची जागा अदलाबदल करून पुन्हा बघा, तरीही ते नुसते टेकत नसतील तर डिश पिळलेली आहे. मग एलएनबीची टोपी बघा. ती तडकलेली असेल तर आत पाणी गेलंय, आणि जोडणीचं तांबं हिरवं पडलं असेल तर एलएनबी नवा घ्या, फार महाग नसतो.

राहिला वास्तुदोष. 'आग्नेयेला तोंड करून डिश लावल्यास घरात कलह.' वडोदऱ्यातून जीसॅट-१५ उत्तरेपासून मोजून साधारण १३६ अंशांवर आहे, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेलाच. तेव्हा शहरातल्या प्रत्येक फ्री डिशवाल्या घरात भांडणं चालू असणार. क्षितिजापासून उंची ५५ अंश. इथे नवशिके हमखास चुकतात. घरगुती डिश ऑफसेट असते, ती दिसते त्याहून बरंच वर बघत असते, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजाने लावली की जास्तच उताणी होते. क्लॅम्पवर अंशांच्या खुणा असतील तर त्या प्रमाण माना. मग डावी-उजवीकडे अगदी थोडं सरकवायचं आणि थांबायचं, कारण बॉक्सवरचा सिग्नलचा पट्टा जरा उशिराच हलतो. आणि जानेवारीत लावणार असाल, तर उत्तरायण (संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण होऊन जाऊ द्या. शेजारपाजारच्या पतंगांचे मांजे दांड्याला अडकून ओढले जातात, तेव्हा नट शेवटचे आवळायचे ते १६ तारखेला.