ढेकणांचं काय घेऊन बसलात?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा वाद पेटला. विषय जुनाच, पुण्यातली उरलीसुरली एकपडदा थिएटरं. थिएटर पाडलं तर त्याच जागेवर पुन्हा थिएटर बांधलं पाहिजे ही अट सरकारने काढावी, अशी मालकांची जुनी मागणी आहे. त्यावरचं काहीतरी कुणीतरी टाकलं होतं. माझा एक वर्गमित्र पुनर्विकासाची कामं घेतो. त्याने लिहिलं, "पाडा एकदाची ती ढेकणांची गोदामं." मी खाली चार ओळी लिहिल्या, जरा तावातच. त्यावर त्याचं उत्तर आलं, "तुला हॅरोत बसून काय जातंय?" (मी लंडनच्या हॅरो भागात राहतो.) आणि त्याखाली अंगठ्यांची रांग.

ढेकूण होते. कोण नाही म्हणतंय? वेताच्या खुर्च्यांवर अर्ध्या चड्डीत तीन तास काढलेल्या माझ्या पिढीच्या मांड्या साक्षीला आहेत. पण ढेकूण मारायला औषध लागतं, बुलडोझर नाही. २०२३च्या ऑक्टोबरात पॅरिसमधल्या ढेकणांच्या बातम्या आल्या, तेव्हा इथे लंडनमध्येही माणसं ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, सीटकडे संशयाने बघत उभी राहायची. ट्यूबची जुबिली लाइन पाडून टाका असं कुणी सुचवल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं. त्याला अंगठा मिळाला नाही.

खरं सांगायचं तर राग मला ढेकणांचा आला नव्हता. वाद दरवेळी खुर्चीपाशीच येऊन थांबतो, त्याचा आला. खुर्ची मोडकी होती, खुर्ची आता मागे रेलते, खुर्चीपाशी पोरगा नाचो आणून देतो, खुर्ची चारशेला पडते. पडद्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. माणूस थिएटरात काय खुर्ची बघायला जातो?

आमच्या वेळी पडदा ही काय चीज होती, ते या मंडळींना आठवत असणार, सांगत मात्र नाहीत. आधी मखमली पडदा, त्यावर खालून टाकलेला लाल-निळा उजेड. मग गावातल्या साडीच्या दुकानांच्या, चष्मेवाल्यांच्या स्लाइड्स, त्यातली एखादी हमखास उलटी. मग फिल्म्स डिव्हिजनच्या सरकारी बातमीपटातला पूर किंवा दुष्काळ. त्यानंतर सेन्सॉरचं सर्टिफिकेट. ते आलं की सगळं थिएटर एका सुरात रिळं मोजायचं, कारण सतरा रिळं म्हणजे पैसे वसूल. आणि सिनेमास्कोप, म्हणजे रुंद चित्राचा सिनेमा, असला तर तो क्षण यायचा: दोन्ही बाजूंचे काळे पडदे, म्हणजे मास्किंग, हळूहळू सरकत जायचे आणि पांढरा पट्टा रुंदावत रुंदावत भिंतीला भिडायचा. शिट्ट्या नायकाच्या एंट्रीला पडतात असं लोक समजतात. पहिली शिट्टी त्या सरकण्याला पडायची.

त्या पडद्याला बारीक बारीक भोकं असत, कारण स्पीकर त्याच्या मागे असायचे. आवाज नटाच्या तोंडातून आल्यासारखा वाटायचा तो त्यामुळे. वर केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर, वीसेक मिनिटांनी एकावरून दुसऱ्यावर उडी. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की रीळ संपत आलं हे आम्हाला ऑपरेटरच्या बरोबरीने कळायचं. कार्बनच्या कांड्या झिजल्या की चित्र पिवळं पडायचं आणि स्टॉलमधून ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू व्हायचा. आमच्या घराजवळच्या टॉकीजमध्ये पडद्याला खाली एके ठिकाणी ठिगळ होतं. त्यामुळे तिथे प्रत्येक नायकाच्या गुडघ्याला ठिगळ असायचं, मग तो करोडपतीचा मुलगा का असेना. 'राहुल' टॉकीजला सत्तर एमएम पाहिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आजवर आपण सिनेमा किलकिल्या दारातून बघत होतो. फिल्मच दुप्पट रुंद, आणि तिच्या कडेने आवाजाच्या सहा पट्ट्या.

आणि या एका पडद्यासमोर सगळे बसायचे. हमाल पुढे, आम्ही मध्ये, वकीलसाहेब सहकुटुंब बाल्कनीत. बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या, यात समतेची गोष्ट वगैरे काही नाही. पण ज्याने सगळ्यात कमी पैसे दिले तो पडद्याला सगळ्यात जवळ असायचा, चिल्लर तोच उधळायचा, आणि संवाद चांगला होता की पडला याचा निकाल तोच द्यायचा. वकीलसाहेबांना तो निकाल ऐकून घ्यावा लागे. आता वकीलसाहेबांना वेगळा पडदा आहे आणि हमालाच्या हातात मोबाइल आहे.

गंमत अशी की पुण्याने टॉकीज पाडली तरी नावं काही सोडली नाहीत. शहरातलं पहिलं थिएटर 'आर्यन', १९१५ सालचं, मंडईजवळ. ते १९८३ साली पाडलं. आजही लोक "गाडी आर्यनला लावली" म्हणतात. शेजारी 'मिनर्व्हा'चंही तेच, तिथेही वाहनतळ. लोकमान्यांच्या नावाच्या चौकाला अख्खं पुणं अलका टॉकीजवरून अलका चौक म्हणतं, पुलाला नीलायम टॉकीजवरून नीलायमचा पूल. 'प्रभात' हे मूळचं १९३४चं किबे लक्ष्मी थिएटर. २०१४ संपताना ते किबे कुटुंबाकडे परत गेलं आणि मूळ नावावर आलं, तरी रिक्षावाल्याला 'प्रभात'च सांगावं लागतं. माझ्या मित्राला गोदामं वाटतात त्यांच्यावरूनच तो रोज साइटचा पत्ता सांगतो.

त्याचा पुढचा मुद्दा होता बाजाराचा. लोकांना नको होती म्हणून बंद पडली. असं? २००१च्या सुमाराला आपल्याच सरकारने मल्टिप्लेक्सला करमणूक कर पहिली तीन वर्षं पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षं पावच घेतला. त्याच वर्षांत समोरचं जुनं टॉकीज शेकडा पंचेचाळीसच्या घरात कर भरत होतं, छत गळत असताना. एकाच्या पायात शिसं बांधायचं, दुसऱ्याला बूट द्यायचे आणि शर्यत झाल्यावर म्हणायचं, बघा, लोकांनी निवड केली.

इथे असं नाही, असं मी लिहिलं. (हे वाक्य परदेशस्थ माणसाने लिहू नये, पण लिहिलं जातं.) बाहेरचं खाणं घ्या. तिकडे त्यावर आंदोलनं झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये निकाल लागला की थिएटरवाला बाहेरचं खाणं अडवू शकतो. इथल्या मोठ्या साखळ्यांमध्ये मी टेस्को या सुपरमार्केटचं मील डील घेऊन सरळ आत जातो, मीरकॅट नावाच्या सवलतीवर एकाच्या पैशात दोन तिकिटं काढतो, आणि डोअरकीपर हसून 'एंजॉय' म्हणतो. इमारतींचंही तसंच. दक्षिण लंडनमधल्या टूटिंगचं ग्रॅनाडा थिएटर, १९३१ सालचं, आतून थेट गॉथिक कॅथीड्रल. त्याला ग्रेड वन, म्हणजे वारसा इमारतींचा सर्वांत वरचा दर्जा आहे, म्हणजे खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. आणि आपण?

मित्र ठेकेदार असला तरी वाचतो. अर्ध्या तासात उत्तर, "त्या कॅथीड्रलात आता बिंगो चालतो ना रे?"

चालतो, बिंगो म्हणजे आपली हाउझी. सिनेमा तिथे १९७३ सालीच थांबला. किलबर्नचं गॉमाँ स्टेट, १९३७ सालचं, चार हजार खुर्च्यांचं, तिथेही आधी बिंगो, आता चर्च. साउथॉलचं चिनी देवळासारखं थिएटर, ज्यात आपल्या लोकांनी कधीकाळी रांगा लावून हिंदी सिनेमे पाहिले, ते २००१ साली हिमालय पॅलेस म्हणून पुन्हा उघडलं आणि २०१०मध्ये पुन्हा बंद झालं. आता तिथे बाजार भरतो. इंग्रजाने भिंती जपल्या, नक्षी जपली, पडदा गुंडाळला. १९४६ साली या देशात सिनेमाची १६३ कोटींवर तिकिटं खपली होती, १९८४ साली पाच-साडेपाच कोटी. एवढी पडझड झाल्यावर भिंती तरी उरल्या हेच खूप, असं मी लिहिणार होतो. मग लिहिलं नाही, कारण ते वाक्य त्याच्या बाजूला गेलं असतं.

मुंबईचं 'इरॉस' मी मुद्दाम काढलं नाही. २०१८ साली मुंबईच्या आर्ट डेको इमारती जागतिक वारशात गेल्या त्यात ते आहे. १९३८चं, हजारावर खुर्च्यांचं थिएटर. २०२४मध्ये पुन्हा उघडलं ते तीनशेच्या आसपास खुर्च्यांचं आयमॅक्स होऊन. दोघांनाही सोयीचं उदाहरण आहे, म्हणून दोघेही गप्प.

पण हॅरोत बसून काय जातंय, हे विचारलंस म्हणून सांगतो. आमच्या स्टेशन रोडवर 'सफारी' होतं. मूळचं १९३६चं डोमिनियन. साठच्या दशकात दर्शनी भागावर पत्रा ठोकलेला, त्यामुळे बाहेरून गोदामच वाटायचं. तुला आवडलं असतं. जुन्या स्टॉलची जागा बिंगोला दिलेली, बाल्कनीच्या जागेत हिंदी सिनेमा. मी नवा होतो तेव्हा शुक्रवारी तिथे जायचो. मध्यंतरात समोसा, केनियाहून आलेले गुजराती काका, नैरोबीतल्या थिएटरच्या गप्पा. त्यांचं नैरोबी, माझं पुणं. ते पाडून मागे फ्लॅट बांधायचे आणि १९३६चा दर्शनी भाग पत्रा काढून जपायचा, असा प्रस्ताव आला. मी कौन्सिलच्या वेबसाइटवर म्हणणं मांडलं. मुद्देसूद, चार परिच्छेद, दर्शनी भागाच्या बाजूने आणि फ्लॅटच्या उंचीविरुद्ध. त्याला नंबर पडला, ते फायलीला लागलं, पोच आली. मी कुठला, कधी आलो, मला काय जातंय, हे कुणी विचारलं नाही. पत्रा निघाला.

आणि तरी ते चार परिच्छेद मी चहा पीत लिहिले होते. ग्रुपवरच्या चार ओळी लिहिताना मला शुद्धलेखन सुधरेना. पुण्यात माझं नाव मतदार यादीत नाही, खिशात परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड आहे, तिथल्या कुठल्याच फायलीत माझं म्हणणं लागणार नाही. मल्टिप्लेक्समध्ये राष्ट्रगीत लागलं की मी सगळ्यांच्या आधी उभा राहतो, कदाचित म्हणूनच. इंग्लंडात पूर्वी राजाचं गीत सिनेमा संपल्यावर वाजायचं आणि ते सुरू व्हायच्या आत लोक दाराकडे पळायचे, असं ऐकलं आहे. ज्याला पळता येतं तो घरचा असतो. मला अजून कुठल्याच थिएटरातून पळायचा धीर झालेला नाही.

मराठी सिनेमा इथे लागतो तो रविवारी एकच खेळ, तोही पश्चिम लंडनमधल्या फेल्टमला. तिकडे जाणारा ए-३१२ रस्ता तुंबलेला, मुलगी मागच्या सीटवर तोंड फुगवून. पण आत गेल्यावर एक प्रकार घडतो. मुलं खालच्या इंग्रजी ओळी वाचतात, आणि ओळ संवादाच्या आधी संपते. त्यामुळे विनोदाला हॉलमध्ये दोनदा हशा होतो. आधी मुलांचा, मग आमचा. माझी मुलगी माझ्याआधी हसून मोकळी होते आणि मी हसतो तेव्हा ती माझ्याकडे वळून बघते, याला उशिरा कळलं म्हणून. तिच्या हिशोबाने हा सिनेमा तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. मी वाद घालत नाही. मध्यंतर फेल्टमला नसतंच, त्यामुळे सिनेमा सुटल्यावर सगळे लॉबीत उभे राहतात, झाडूवाला पायाशी येईपर्यंत.

तर अट. काढायची तर काढा. बंद पडलेल्या टॉकीजच्या मालकाने आयुष्यभर रिकाम्या खुर्च्यांची घरपट्टी भरावी, असं मीही म्हणणार नाही. फक्त ज्या गावात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, लॉ कॉलेज रस्त्यावर सिनेमांची रिळं थंड खोल्यांत जपली जातात, त्या गावात ती रिळं ज्या मापाच्या पडद्यासाठी बनली तो एक तरी पडदा असावा. एक. स्टॉलसकट. तिकीट इतकं की हमालाला पुढे बसता यावं. ढेकणांचा खर्च मी देतो, पौंडात.

एवढं लिहून ग्रुपवर पाठवलं. मित्राने अंगठा दिला नाही, पण वेगळा निरोप टाकला: डिसेंबरात येतोयस तेव्हा नव्या ठिकाणी जाऊ, सीट अशा आहेत की झोप लागेल. मी विचारलं, पडद्याला मास्किंग आहे का रे? नाहीतर सिनेमास्कोपच्या वर-खाली राखाडी पट्टे दिसत राहतात.

"ते काय असतं?" म्हणाला.