गुलबक्षी

अकरावीला सायन्स घेतलं तेव्हा वाटलं होतं, छळलं तर गणित छळेल. छळलं ते एका रंगानं.

दहावीपर्यंत सगळं सरळ होतं. आम्ल आंबट, निळा लिटमस तांबडा करतं. आम्लारी बुळबुळीत, तांबडा लिटमस निळा करते. दोघं भेटले की क्षार आणि पाणी. ‘उदासिनीकरण’ हा शब्द पाठ करताना कधी उदास वाटलं नाही. ते पुढं टायट्रेशनला, म्हणजे आम्लात थेंबथेंब आम्लारी सोडून नेमकी किती लागते ते मोजताना, वाटलं.

ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या रेघांच्या उभ्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड ही आम्लारी भरायची. खालच्या फ्लास्कमध्ये पिपेटनं मोजून १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे, म्हणजे आम्लात बिनरंगी आणि आम्लारीत गुलाबी होणाऱ्या इंडिकेटरचे, दोन थेंब. आमच्याकडे पिपेट तेव्हा तोंडानंच ओढायची. नजर खुणेवर ठेवायची की जिभेवर, हे ठरेपर्यंत पहिल्याच दिवशी ऑक्झॅलिक तोंडात आलं. आम्ल आंबट असतं हे वाक्य वर्गात मी एकट्यानं अनुभवानं सिद्ध केलं. लॅबमधल्या मामांनी बखोट धरून नळाखाली नेलं आणि दहा चुळा भरायला लावल्या.

मग सर म्हणाले, “फेंट पिंक आलं की थांबा.”

फेंट म्हणजे कुठला? आमच्या घरात आई आणि मावशी साड्यांच्या दुकानात दोन-दोन तास राणी, गुलबक्षी, डाळिंबी आणि अबोलीवरून भांडतात. मी अशा घरातला, तरी मला गुलाबी म्हणजे गुलाबी. सर म्हणायचे, “गुलबक्षी नको रे, नुसती चाहूल पाहिजे.”

आता ही चाहूल यायची पद्धत बघा. ब्युरेटवर सगळ्यात बारीक रेघ ०.१ मिलीची, आणि एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. नऊ मिलीपर्यंत फ्लास्क ढिम्म. थेंब पडतो तिथं गुलाबी वलय उठतं, हलवलं की गायब. पीएच म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचं माप; त्याचा एकेक अंक म्हणजे दहापटीचा फरक, आणि शेवटाजवळ एकदोन थेंबांतच तो कित्येक अंक उडी मारतो. नळावरच्या भांडणासारखं. अर्धा तास नुसती कुजबुज, मग एकीच्या तोंडून एक शब्द जास्त जातो आणि पदर खोचले जातात. माझा हात नेमका त्या जास्तीच्या शब्दाशी थांबायचा. कायम गुलबक्षी. शेवटी अर्धाच थेंब सोडायचा असतो म्हणे. टोकाला लोंबणारा थेंब काचेला टेकवून वॉश बॉटलच्या पाण्यानं आत ढकलायचा. सर हे करून दाखवत तेव्हा वर्ग श्वास रोखून बघायचा. मी केलं की अर्धा थेंब टेबलावर.

एकदा, एकदाच, खरी चाहूल जमली. खाली पांढरी टाइल ठेवून खात्री केली, सरांना बोलवायला धावलो. सर येईपर्यंत फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ. “इंडिकेटर टाकलंस का?” हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की तो फिकट रंग उडतो, हे मला वार्षिक परीक्षेनंतर कळलं. गुलबक्षी मात्र उडत नाही. ती सर येईपर्यंत थांबते.

हे फिनॉल्फ्थॅलिन १८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी तयार केलं. पुढं त्यांना १९०५चं नोबेल मिळालं, आणि त्यांचं हे द्रव्य कित्येक वर्षं जुलाबाचं औषध म्हणून विकलं गेलं. प्रॅक्टिकलच्या सकाळी मला ते न घेताच गुण यायचा.

आईला या सगळ्याचं काही कौतुक नव्हतं. माझ्या पांढऱ्या ॲप्रनवर आमटी सांडली होती. हळदीच्या डागाला तिनं साबण लावला, डाग लालभडक झाला. मी ओरडलो, “आई, इंडिकेटर!” ती म्हणाली, “लिंबू आण.” लिंबू चोळलं, डाग परत पिवळा. “हे शिकायला फी भरतोयस होय?”

तर बारावीची प्रॅक्टिकल. टायट्रेशनला तीन रीडिंग घ्यायची आणि त्यातून सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, काढायचं. माझी प्रामाणिक रीडिंग आली १०.४, १०.७ आणि १०.३. यात कॉन्स्टंट काय, तर माझी भीती. पण कॉलेजात एक परंपरा होती. मामांना उत्तर माहीत असतं आणि त्यांना मुलांची दया येते. आमचं टेबल दाराजवळ. मामा दारात आले, आमच्या दिशेनं मान वळवून हळूच म्हणाले, “नऊ, दोन.”

पाच जणांनी एकाच वेळी खोडरबर उचललं. ९.२, ९.२, ९.२. माझं अक्षर इतकं सुंदर कधीच आलं नव्हतं.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, फिरत फिरत आले. पहिली वही बघितली, मान हलवली. दुसरी बघितली. पाचवीशी आल्यावर चष्मा काढून पुसला.

“सगळ्यांचं नऊ पॉइंट दोन?”

“हो सर.”

“या टेबलावर मी दोन वेगवेगळ्या स्ट्रेंथच्या बाटल्या ठेवल्यात. लेबलं वाचलीत?”

आम्ही लेबलं वाचत होतो तेवढ्यात मामा ट्रे घेऊन आत आले. नऊ चहा, दोन कॉफी.