पेट स्कॅनमधल्या ‘साखरे’ने गाठ पोसत नाही

रावेरच्या मावशीला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर आहे. केमोच्या दोन सायकल झाल्या, डॉक्टरांनी पेट स्कॅन (कॅन्सर अंगात कुठे आहे ते दाखवणारी तपासणी) लिहून दिला आणि नेमका त्याच आठवड्यात नात्यातल्या ग्रुपवर मेसेज आला: ‘पेट स्कॅनमध्ये साखर टोचतात, साखर हे कॅन्सरचं अन्न, गाठ पसरते. अंग महिनाभर किरणोत्सारी राहतं. त्यापेक्षा साखर-केळी बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल. सगळा कमिशनचा खेळ.’ मावशीने तारीख रद्द केली. नाहीतर असल्या मेसेजच्या नादी कोण लागतं!

तर साखर. टोचतात ते एफडीजी. ग्लुकोजचंच भावंड, पण एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन-18 बसवलेलं. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, पचवायची पहिली पायरी उरकते आणि तिथेच गाडी अडते. ऊर्जा मिळत नाही, ते बाहेरही पडत नाही. अडकून बसतं म्हणूनच तर यंत्राला दिसतं. आणि वजन? मायक्रोग्रॅमच्या घरात. आपल्या रक्तात एरवीही चार-पाच ग्रॅम साखर फिरतच असते. तिने काही होत नाही, आणि या कणभराने गाठ पसरते म्हणे!

कॅन्सरच्या बऱ्याच पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे खरं. ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने ते 1920 च्या दशकातच दाखवलं होतं. पण तुम्ही साखर सोडली तरी यकृत ग्लुकोज बनवतच राहतं. उपाशी राहतो तो केमोने आधीच खंगलेला माणूस. केळीच्या रावेरात बसून केळी बंद करायला सांगायचं, हे तर औरच.

किरणोत्सार असतो, मान्य. एफडीजीतून मिळणारा किरणोत्साराचा डोस साधारण 7 मिलीसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून तीनेक वर्षांत मिळतो तेवढा, सोबतच्या सीटी स्कॅनचा वेगळा. पण फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, लघवीतूनही जातं. दुसऱ्या दिवशी आठ हजारांत एक वाटाही उरत नाही. तान्ह्या बाळापासून आणि गरोदर बाईपासून काही तास लांब राहायचं, बस्स. महिना कुठून आला?

आता मावशीच्या कामाचं. 2016 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रॅथल चाचणी छापून आली. वाढलेल्या हॉजकिनचे 1,200 हून जास्त पेशंट, दोन सायकलनंतर पेट. स्कॅन स्वच्छ आलेल्यांपैकी निम्म्यांचं केमोतलं ब्लिओमायसिन थांबवलं. हे औषध फुप्फुसाला बाधतं. तीन वर्षांनी आजार न बळावता राहिलेले: औषध चालू ठेवलेल्यांत 85.7 टक्के, थांबवलेल्यांत 84.4. म्हणजे मावशी जो स्कॅन टाळतेय, त्यानेच तिचं एक औषध सुटू शकतं.

स्कॅनची खरी मर्यादा मेसेजवाल्याच्या गावीही नाही: टीबीची गाठसुद्धा तशीच चमकते, म्हणून कधीकधी बायोप्सी लागतेच.

राहिलं कमिशन. स्कॅन महाग आहे, आणि गरज नसताना कोणी लिहून देतच नसेल असं मी म्हणणार नाही. शंका असेल तर डॉक्टरांनाच विचारा, ‘रिपोर्ट असा आला तर काय बदलणार, तसा आला तर काय?’ मावशीच्या डॉक्टरांनी ते कोणी न विचारताच कागदावर लिहून दिलं होतं.