सायनस लिफ्टमधील हाडाचा भरणा : कोणता आणि का

सायनस लिफ्ट या दातांच्या शस्त्रक्रियेत कोणता भरणा वापरावा, यावरील लेखाचा ‘स्वतःचेच हाड सर्वोत्तम, बाकी सारी तडजोड’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. वरच्या दाढा पडून बराच काळ लोटला की सायनस, म्हणजे त्यावरची हवेची पोकळी, खाली उतरतो आणि इम्प्लांटला (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायच्या स्क्रूला) पुरेसे हाड उरत नाही. अशा वेळी बाजूने खिडकी पाडून, सायनसचे नाजूक आवरण न फाटू देता वर उचलून त्याखाली भरणा करण्याची पद्धत बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा रुग्णाचेच हाड वापरले होते. त्यात जिवंत पेशी असल्याने सुरुवातीच्या महिन्यांत नवे हाड अधिक भरते, हे खरेच. परंतु ते झिजतेही लवकर, शिवाय हाड काढलेल्या जागी वेगळे दुखणे मागे लागते.

गाईच्या हाडातील प्रथिने काढून बनवलेले, जाड्या रव्यासारखे दिसणारे कण फार सावकाश विरघळतात. त्यामुळे श्वासागणिक हवेचा दाब सोसूनही भरण्याची उंची टिकते आणि वर्षानंतरच्या नमुन्यातही ते नव्या हाडात गुंफलेले आढळतात. इम्प्लांट टिकण्याच्या बाबतीत दोहोंत ठळक फरक दिसत नाही. बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हा कृत्रिम भरणा त्या कणांच्या मानाने लवकर विरतो.

लेखात एक गोष्ट मात्र राहूनच गेली : हे कण कोणत्या प्राण्याचे, हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे अनेकांना धर्म किंवा आहाराच्या कारणाने ते चालत नाहीत आणि त्यांच्यासाठी कृत्रिम पर्याय उपलब्ध असतात.