गुळवेल, हळद आणि केसपेपर

रविवारी मेलबर्नहून साताऱ्याला फोन केला तेव्हा आईने सहज सांगितले की करोनाच्या साथीत सुरू केलेला गुळवेलीचा काढा ती अजूनही रोज सकाळी घेते. थायरॉइडच्या डॉक्टरांना मात्र तिने हे कधी सांगितलेले नाही, कारण त्यांनी विचारलेच नाही. "घरच्या कुंपणावरची वेल आहे, तिचं काय सांगायचं?" असे ती म्हणाली आणि माझ्या मनात धास्ती बसली.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हा मंत्रालयाचा प्रश्न रास्तच होता. पण पुढच्या वर्षी १३ वैद्यकीय केंद्रांतील अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यांतील अनेकांच्या रक्तात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याच्या खुणा होत्या, आणि तरीही आपल्याकडची चर्चा आयुर्वेदाचा मान राखला गेला की नाही याभोवतीच फिरत राहिली.

इथे ऑस्ट्रेलियात औषध नियामक संस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये हळदीच्या गोळ्यांबाबत इशारा दिला, तो यकृताच्या त्रासाच्या अवघ्या १८ नोंदींवरून. स्वयंपाकातल्या हळदीला तो लागू नाही, हेही त्यात स्पष्ट होते. धोका अधिक मात्रेच्या आणि शरीरात जास्त शोषल्या जाव्यात अशा बनवलेल्या गोळ्यांचा होता. इथली व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण अशा गोळ्यांपैकी बहुतेकांची परिणामकारकता विक्रीपूर्वी तपासलीच जात नाही. तरी रुग्णाने स्वतः केलेली तक्रारही नोंदली जाते आणि ती नोंद कोणालाही पाहता येते.

"पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो, कुणाला काही झालं नाही," हा युक्तिवाद मला म्हणूनच अपुरा वाटतो. हजारांत एखाद्यालाच होणारी इजा एका घराच्या अनुभवात दिसत नाही. शिवाय तापात चार दिवस घेतलेला काढा आणि वर्षानुवर्षे रोज घेतलेला काढा एक नव्हे. वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही हे ठाऊक आहे. केसपेपरवर 'काढे, चूर्णे, घरगुती औषधे' असा एक रकाना मात्र सहसा नसतो. आईने पुढच्या भेटीत गुळवेलीचे नाव स्वतःच्या हाताने केसपेपरवर लिहावे, एवढे मी तिच्याकडून कबूल करून घेतले आहे.